कुठे ठेवायचं?

२ जून १९९७, सांगली
म्हसवडहून येताना एस.टी.नं हाडं खिळखिळी केली, पण नोकरी झकास आहे. मालक लालासाहेब लष्करातून सुभेदार होऊन आलेले. आता खतदुकानांना हिशेबाचा प्रोग्राम विकतात. साखर कारखान्यातल्या मोठ्या मशीनवर, युनिक्सवर, चालतो तोच दुकानातल्या विंडोजवर चालवायचा, हे माझं काम. माझ्या आधीच्या माणसानं तो सी ड्राइव्हवरच्या एकाच फोल्डरमध्ये ठोकून ठेवलाय. तिथली जागा भरली की दुकानदार बोंब मारतात. धाकटी बहीण प्रिया कॉलेजसाठी माझ्याकडे येणार आहे. आई गेल्यापासून तिला मीच वाढवलं. माझं असं जगात तेवढंच आहे.

९ जून
जमलं एकदाचं. आता प्रोग्राम बसवताना खिडकी उघडते आणि विचारते, कुठे ठेवायचं? दुकानदारानं हवं ते नाव द्यावं. जुन्या फायली राहिल्या की घोळ होतो, म्हणून त्या जागी आधीचं जे असेल ते काढून जागा मोकळी करायची ओळही घातली. लालासाहेबांनी खूश होऊन भडंग मागवलं.

१३ जून
कुंडलला हंबीररावांच्या दुकानात बसवून आले. फोल्डरला काय नाव देऊ विचारलं, तर म्हणाले गोठा द्या, आमचा जीव तिथंच असतो. हसत हसत टाइप केलं.

१४ जून
उद्या शिकवायला येऊ नका म्हणून हंबीररावांचा फोन. ‘म्याडम, दाव्यांच्या गाठी तशाच हायत. म्हसरं न्हाईत.’ लालासाहेब म्हणाले, चोरी असणार.

१८ जून
शिराळ्याचे दुकानदार दादासो, त्यांनी नव्या विहिरीच्या कौतुकात फोल्डरला विहीर नाव दिलं होतं. सकाळी विहीर कोरडी. तळाला ओलसुद्धा नाही. गोठा, आता विहीर; नाव दिलं तेच मोकळं झालं, असं लालासाहेबांना सांगितलं. त्यांनी थट्टेवारी नेलं. ‘लय डोकं चालवताय तुमी.’

१९ जून
प्रश्नाची ओळ खोडली, जागा मोकळी करायचीही. जागा पुन्हा पहिल्यासारखी पक्की ठोकली. तरी खिडकी उघडते. फ्लॉप्या मोडल्या — उघडतेच.

२१ जून
प्रिया थेट ऑफिसात आली. मी चहा सांगायला खाली गेले, तेवढ्यात मशीनवर बसली. कॉम्प्युटरच्या क्लासात सगळीच पोरं आपापल्या नावाचा फोल्डर करतात. तिनंही त्या खिडकीत आपलं नाव घातलं. बटणही दाबलं —

पडद्यावर पट्टी सरकतेय. जागा मोकळी होत आहे. रद्द होत नाही. वायर उपसली, तरी चालू —

प्रिया म्हणते, ताई, माझी बोटं बघ. दोन बोटं नाहीत. रक्त नाही, काही नाही. नुसती नाहीत.

नावाच्या चौकटीत अजून लिहिता येतंय. तिचं खोडलं. माझं लिहिलं. आम्रपाली.

तिची बोटं परत आली. तिला जबरदस्तीनं बाहेर काढलं, कडी लावली. दार बडवते आहे. बडवू दे.

डाव्या हातानं पान धरता येत नाही — हात —

भीती वाटते गं. प्रिया, या मशीनला शिवू नकोस. कॉलेजात नाव घाल. खोलीची किल्ली शेजारच्या अंबूबाईंक