कंबर धरून चालणारे भाऊजी

४ मार्च १९८६, लातूर
उन्हं वर आली तरी शिवगंगा झोपलेली! माझी धाकटी जाऊ. आणि चहा कुणी केला? तिच्या नवऱ्यानं — भाऊजींनी! डाळमिलमध्ये कंबरेवर तुरीचं पोतं पडलं म्हणून घरी बसलेत. विम्यातून अर्धा पगार चालू. आमचे हे त्याच मिलमध्ये हमाल. घरी येतात ते भिंतीला टेकून तसेच झोपतात. माझ्याशी बोलायला अंगात त्राण उरत नाही.

९ मार्च
भाऊजी तिची वेणी घालत होते. अंगणात! कशी हसत होती! माझी भाकरी करपली.

१५ मार्च
टँकर आला. लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आले, पाणी मात्र अजून टँकरचंच. रेटारेटीत माझं कोपर सोललं. आणि भाऊजी — खांद्यावर घागर, हातात बादली, चाल ताठ! तेवढ्यात मिलच्या मुनीमजींची सायकल वळली. घागर लगेच बायकोकडे, हात कंबरेला, कण्हणं सुरू. मी बघतच राहिले. शिवगंगा म्हणते, "दुखतंय तरी ऐकत न्हाईत बघा, अक्का." लाजली सुद्धा नाही.

२२ मार्च
भाऊजी नांदेडला लग्नाला गेले होते म्हणे. कसलं लग्न! तिथल्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलून आलेत. शिवगंगेच्याच तोंडून निघालं, नव्या बांगड्या दाखवताना. "तिथं कोन वळखतंय, अक्का?"
चांगल्या आहेत, म्हटलं. हिरव्यागार. माझे हात पदराखाली घेतले.

२३ मार्च
भिंतीपलीकडे बांगड्या वाजतात. सारख्या!

२ एप्रिल
विम्याचे साहेब भाऊजींना बघायला आले. भाऊजी बाजेवर आडवे, शिवगंगा पाय चेपतेय. साहेब निघाले तशी मी त्यांना गल्लीच्या वळणावर गाठलं. टँकर, मोंढा — सगळं सांगितलं. "तुमचं नाव कुठं येणार नाही, बाई," म्हणाले.
खोटं काही सांगितलं नाही मी. पण खऱ्याची चाड होती म्हणून सांगितलं का? छे! ती वेणी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

१९ एप्रिल
साहेब नांदेडला जाऊन आले. मोंढ्यातल्या मुकादमानं भाऊजींना ओळखलं. विमा बंद, काम गेलं. शिवगंगा माझ्याच मांडीवर पडून रडली. "कुनाच्या डोळ्यावर आलो आमी, अक्का?" मी पाठीवरून हात फिरवत राहिले. वाटलं होतं, जिवाला थंड वाटेल. वाटलंही, थोडं. मग तेही गेलं.

२१ एप्रिल
हे दुपारीच घरी आले. ह्यांनाही काढलं!
"पोतं पडताना मी पाहिलं," अशी साक्ष ह्यांनीच दिली होती. पोतं पडलंच नव्हतं. दोघा भावांचं आधीच ठरलेलं — आधी धाकट्यानं बसायचं, मग थोरल्यानं.
"आता माझी पाळी होती," म्हणाले. "तू लई राबतीस. तुझ्यापाशी बसलो असतो जरा." मग म्हणाले, "कुनी सांगितलं आसंल गं?"
मी, म्हटलं.
हे उठून भावाकडे गेले.