निंबाच्या नावची घागर

मु. एरंडोल, जि. जळगाव
अखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस, मे १९८४

श्री. निंबा रुपचंद पाटील यांस,
मंजुळाचा नमस्कार.

आम्ही सर्व इकडे खुशाल असून तुमची खुशाली कळवावी. ही ओळ सगळेच लिहितात आणि पुढे जातात. मी मात्र दर वर्षी ती लिहिली की जरा थांबते.

वर तुमचं नाव लिहिलं म्हणून रागावू नका. बायकोने नवऱ्याचं नाव तोंडाने घेऊ नये, एवढं माझ्या माहेरीही शिकवलंय. पण कागदाला तोंड नसतं आणि नावाशिवाय पत्र कुणाच्या हाती द्यायचं?

देवपूरचे पितांबर वकील दर वेळी बजावतात की कैद्याच्या पत्रात फक्त घरची हकीकत लिहायची. लढाई, सरकार, सरहद्द असलं काही आलं की मधली माणसं पत्र अडवतात. तेव्हा घरचंच ऐका. म्हैस व्याली, पारडी झाली. तुमची सायकल आबांनी अजून कुणाला हात लावू दिलेली नाही, तिची दोन्ही चाकं बसलीत. अखाजीला तुमच्या बेबाताई धुळ्याहून माहेरी आल्या. मागच्या निंबाच्या झाडाला झोका बांधला, आळीतल्या पोरींनी तो काल दिवसभर मोकळा ठेवला नाही. सांजोऱ्या बेबाताईंनीच केल्या. चवीला बऱ्या होत्या, पण तळताना फुटल्या. मायच्या हातच्या कधी फुटत नसत.

आबांचं बरं आहे. डोळ्यांना कमी दिसतं, पण माझ्याशी भांडायला डोळे कशाला लागतात? भांडण दर अखाजीचंच. तुमच्या पाठीमागे सुरू झालंय, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही.

एकाहत्तरच्या लढाईनंतर पलटणीकडून 'बेपत्ता, बहुधा मृत' असं आलं होतं. नंतर शेजारच्या मगनने तिकडच्या रेडिओवर पकडलेल्यांत तुमचं नाव आणि गाव ऐकलं. ऐकणारा तो एकटाच. पण घरात कुणाला दुसरा साक्षीदार हवा होता? मी वकिलांना गाठलं. ते म्हणाले, जिनिव्हाचा कायदा आहे, दोन्ही देशांनी त्यावर सह्या केल्यात. लढाई थांबली की कैदी सोडायचे, तोवर त्यांना घरी पत्र लिहू द्यायचं, नावं लपवायची नाहीत. मी ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. तिकडचे शिपाई आपल्या सरकारने परत धाडले, तेव्हा मायने आळीभर गूळ वाटला. कुणी हसलं, तर म्हणाल्या, "त्यास्ना मायस्ना पोरे घर ग्यात. आते मना बी घर ई."

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. अडवायचं त्यांनी अडवावं.

पुढे वकिलांनाच मी एकदा विचारलं, कायदा आहे तर माणूस का येत नाही? त्यांनी पानाला चुना लावला. मग म्हणाले, "ताई, कायदा कैद्यासाठी आहे. ज्याच्या ताब्यात तो आहे त्यानेच 'हा आमच्याकडे नाही' म्हटलं, की कायद्याला हात धरायला माणूसच उरत नाही." हे मी घरी सांगितलं नाही. घरी सांगितलं, काम चालू आहे.

आता ते सांगते, ज्याच्याभोवती मघापासून फिरते आहे. माय पौषात गेल्या. ताप आला आणि चार दिवसांत आटोपलं. शेवटपर्यंत तुमची वाट आणि एकच बोलणं, "मना निंबा येवाव शे. त्याना नावनी घागर भरू नका." काल त्यांच्याच नावची पहिली घागर भरायची होती.

सकाळी आबा स्वतः कुंभाराकडे गेले. आले ते दोन नव्या घागरी घेऊन.

दुसरी कुणाची, हे मी विचारलं नाही. मी सरळ भांडले. म्हटलं, आबा, घागर भरली की माणूस पितरांत गेला. मग कोणत्या तोंडाने सरकारकडे मागायचा? माय 'भरू नका' म्हणून गेल्यात. कायदा आहे, सह्या आहेत. मी सगळं बोलून घेतलं. बेबाताई चुलीपुढून उठून आल्या.

आबा ओट्यावर बसले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "पोरी, तो जित्ता व्हई ते देव त्याले राखो. पन गयेल व्हई ते? बारा वरीस आपन त्याले घोटभर पानी बी नही दिधं."

यावर वकिलांच्या पुस्तकात काही असेल असं मला वाटत नाही. मी तुम्हाला जिवंत ठेवत होते, अन् आबा बारा वर्षं तुमची तहान मोजत बसले होते. माझ्या हट्टापायी तुम्ही तहानलेले राहिला असाल, हे माझ्या मनात कधीच आलं नव्हतं. मला रडू कोसळलं. मग मीच उठले, विहिरीवर गेले, आणि दोन्ही घागरी भरून आणल्या.

मांडल्या. वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या, विस्तवावर घास टाकला. आबांनी पाणी सोडलं आणि मायचं नाव घेतलं. दुसऱ्या घागरीपाशी त्यांचा हात थांबला. बापाच्या तोंडून लेकाचं नाव निघेना. बेबाताईंनी पदर तोंडात धरला होता. विस्तव विझत आला होता, कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

मी घेतलं तुमचं नाव. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कालच. मोठ्याने घेतलं, निंबा म्हटलं, आणि आबांनी पाणी सोडलं.

तुम्ही घरात असताना लोटा वरून धरून पाणी प्यायचात, निम्मं सदऱ्यावर सांडायचं आणि माय ओरडायच्या. काल तेच डोळ्यांपुढे येत राहिलं.

आज सकाळी आबांनी विचारलं, काय लिहितेस? म्हटलं, पत्र. ते म्हणाले, "म्हैसनं बी लिख." लिहिलंच होतं.

काल पाणी पाठवलं, आज पत्र पाठवते. दोन्ही एकाच माणसाला पोचणार नाहीत, एवढं मलाही कळतं. पाणी पोचलं असेल, तर उशिराबद्दल माफ करा. पत्र पोचलं, तर कालच्याबद्दल माफ करा, आणि एक ओळ लिहा. काही एक पोचू दे.

आजवर खाली सही करताना नावाआधी 'सौ.' लिहीत आले. आज लेखणी तिथे थांबली आहे. ती जागा मोकळी सोडते.

तुमची,
        मंजुळा