तेरा चुंबक

१४ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय चिमणे,

तुझं पाकीट परवा पोचलं. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो.

मासिक लगेच उघडलं. फोटोत नवा चष्मा शोभतोय तुला. वर लेखाचं नाव, ‘घरगुती पवनचक्की : माझी रचना’. त्यातल्या ‘माझी’कडे मी बराच वेळ बघत बसले.

गोल चुंबकच घ्यायचे असा हट्ट तुझा होता. "कुठेही मिळतात गं, उगाच शिष्टपणा नको." मी पत्रात लिहिलं, चपटे लांबट घे. तारेच्या वेटोळ्याच्या सरळ बाजूला गोल चुंबक नुसता शिवून जातो, लांबट सबंध अंगावरून जातो, म्हणून वीज जास्त. पाचरीसारखे त्याहून बरे, पण ते आपल्या आवाक्यातले नव्हते. लेखात हे सगळं आहे. ‘नुसता शिवून जातो’सुद्धा. शाळेत माझी वही उतरवताना निदान दोन शब्द तरी बदलायचीस. सिस्टर उभं करायच्या मलाच, आणि तू बाकाखाली तोंड घालून हसायचीस. तेव्हा मला रागही यायचा नाही.

चित्रही माझंच, त्याच पत्रातलं. केकचा डबा उपडा ठेवून काढलेलं वर्तुळ आणि कडेनं तेरा चुंबक. तेरा नीट बसले, म्हणून तेरा काढले. नंतर उजेड पडला, की उत्तर-दक्षिण असे आळीपाळीनं लावायचे तर आकडा सम हवा. नाहीतर एका जागी उत्तरेशेजारी पुन्हा उत्तरच येते आणि सगळा मेळ बिघडतो. कपाळावर हात मारला आणि आठव्या दिवशी तुला दुसरं पत्र टाकलं. बारा चुंबक कर, वेटोळी नऊच ठेव.

मासिकात तेराच आहेत.

म्हणजे ते पत्र तू फोडलंच नाहीस. कुठेतरी गहाळ झालं असेल, अशी मी दिवसभर स्वतःची समजूत घातली. पण तुझ्या चिठ्ठीच्या शेवटी आहे, "तुझी दोन्ही पत्रं मिळाली गं. भाऊजींना सांग, आता तुमच्या गच्चीवरही एक फिरवू."

हे जूनमध्येच गेले, चिमणे. त्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलं होतं. पाच महिने तू गप्प, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, तिला शब्द सुचत नसतील, ती लहानपणापासून अशीच.

संपादकांना कळवलं आहे, की तेरा चुंबकांवर कुणी पवनचक्की बांधू नये. मूळ चित्र कुणाचं तेही लिहिलं, खाली माझं पूर्ण नाव घातलं. नक्कल सोबत आहे, ती तरी वाच.

माझं ते पाकीट सापडलं तर आता फोडू नकोस, तसंच परत पाठव. हे शेवटच्या दिवशी काय बोलले ते त्यात आहे. ते मी माझ्या मैत्रिणीला लिहिलं होतं.

तुझ्या वर्गातली,
लंबू