आपल्या माणसाचे आभार

आण्णा, आज सकाळी शेजारच्या सिस्टर पुण्याला राहायला गेल्या. तुम्ही त्यांना ओळखत नाही. तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा मी श्रीरामपुरात आलेही नव्हते. त्या दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. मुलीनं हट्ट धरला, गुडघे बोलायला लागले, गेल्या. हे वारल्यापासून या गावात माझं बोलायचं माणूस म्हणजे त्याच. बोलायचं म्हणजे पुस्तकांवर. नाहीतर सुनांवर आणि औषधांवर बोलायला गल्लीत हवी तेवढी मंडळी आहेत. आता घर असं गप्प झालंय की कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला होतं. मला फार एकटं वाटतंय, आण्णा. हे फोनवर मुलाला सांगितलं तर तो लगेच 'इकडंच ये' म्हणून मागं लागेल, म्हणून तुम्हाला सांगतेय. तुम्ही तरी एवढ्यात बोलावणार नाही.

एकीनं वाचलं की दुसरीला, अशी आमची पुस्तकं फिरायची, आणि माझं वाचून नेहमी आधी व्हायचं. मला एक खोड आहे, मी पुस्तक मागून उघडते. आधी आभाराचं पान. हल्लीचे लेखक काय एकेक आभार मानतात, तुम्ही खूश झाला असता! परवाच्या एका कादंबरीत बाईनं पानंच्या पानं खर्ची घातलीत. संपादकांचे, मैत्रिणींचे, ज्या खिडकीपाशी बसून लिहिलं त्या खिडकीचे, मांजरीचे. कादंबरी धरणाखाली गेलेल्या गावाची, तशी बरी होती, पण शेवटी सगळ्यांना रडवल्याशिवाय काही तिला चैन पडलं नाही. मी तसं म्हटलं तर सिस्टर म्हणाल्या, "ताई, रडायला जागा कुठं मिळते सांगा बरं? पुस्तकात तरी रडू द्या की माणसाला." मग एका डॉक्टरीणबाईंचं आत्मकथन वाचलं. त्यात एकही आभार नाही, नुसते हिशेब चुकते केलेत, आणि तेच मला जास्त खरं वाटलं. सुनेनं कृतज्ञतेवरचं एक पुस्तक पाठवलं. रोज सकाळी आरशात बघून स्वतःचे आभार माना म्हणे. एक दिवस करून बघितलं. आरशात तुमचं नाक दिसलं आणि असं हसू आलं की ते पुस्तक मिटलं ते मिटलंच.

ही खोड तुमच्यामुळं लागली. पारनेर तालुक्यातल्या त्या शाळेवर तुम्ही होतात तेव्हा आसपास कुठलाही कार्यक्रम असो, स्नेहसंमेलन असो नाहीतर दूध डेअरीचं उद्घाटन, आभाराला गुरुजी ठरलेले. अध्यक्षांचं भाषण संपलं रे संपलं की लोक उठतात. चपला शोधतात. बाया पोरांना काखेला मारून निघतात. आणि तुम्ही माइकला धरून उभे. सतरंज्या देणाऱ्यांचे, कर्णा बांधणाऱ्याचे, ट्रॅक्टरची बॅटरी काढून देणाऱ्याचे आभार चाललेत. सतरंजी गुंडाळत माणसं माझ्यापर्यंत यायची आणि म्हणायची, "ऊठ की गं पोरी, संपलं समदं." मी उठत नसे. तुमचं ऐकायला कुणीतरी शेवटपर्यंत बसलेलं पाहिजे, असं वाटायचं. तुमची दया यायची आणि त्या लोकांचा असा राग यायचा की विचारू नका.

एका कार्यक्रमाला मात्र मी मांडवात नव्हते. शिक्षणाधिकारी यायचे होते आणि मी आईच्या हाताखाली घरी. आई तांबडं फुटायच्या आधीपासून चुलीपुढं. हुलग्याची शेंगोळी, बाजरीच्या भाकरी, ठेचा, सगळ्या पाहुण्यांना पुरेल एवढं. शाळा घरासमोरच आणि कर्ण्याचं तोंड आमच्या दाराकडं. तुमचे आभार सुरू झाले तशी ती पिठाचे हात पदराला पुसत उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तुम्ही सगळ्यांची नावं घेतलीत. पाण्याचं टिपाड भरून देणाऱ्याचंसुद्धा. शेवटी तुमचं नेहमीचं वाक्य आलं, 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे मी आभार मानतो', आणि कर्णा बंद झाला. संध्याकाळी तुम्ही ताटावर बसलात तेव्हा आईनं अगदी सहज विचारलं, "काय ओ, आमी कशात येतो? ग्यातात का अग्यातात?" तुम्हाला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणालात, "अगं, आपल्या माणसाचे कुणी आभार मानतं का? तू काय परकी आहेस?" आई म्हणाली, "परकी न्हाई, खरं हाय तुमचं. पन कर्न्यावर मपलं बी नाव आलं असतं तर बरं वाटलं असतं." आणि तिनं तुम्हाला आणखी एक भाकरी वाढली. आपण सगळेच हसलो. विषय हसण्यावारी गेला.

पण तुमचं ते वाक्य माझ्या अंगात मुरलं. आपल्या माणसाचे आभार मानायचे नाहीत. मानले की तो परका होतो. मला ते अजूनही पटतं, म्हणूनच तर सगळी पंचाईत. सिस्टरांकडं पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा माझी काय फजिती झाली ते ऐका. मी घास उचलला तर त्या डोळे मिटून, हात जोडून बसलेल्या. अन्नाबद्दल, पिकवणाऱ्याबद्दल, आणि 'आज जेवायला सोबत दिलीस' त्याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. सोबत म्हणजे मी. लहानपणापासूनची सवय, आभार झाले म्हणजे कार्यक्रम संपला. मी घास ताटात ठेवून अर्धी उठलेसुद्धा. सिस्टर डोळे उघडून बघतात तर मी खुर्चीतून वर! "अहो ताई, निघालात कुठं? आत्ता तर सुरू होतंय." आम्ही दोघी इतक्या हसलो की आमटी गार झाली.

हे गेले त्यानंतर मला पुस्तक हातात धरवत नव्हतं. अक्षरं दिसायची, अर्थ लागायचा नाही. तेव्हा सिस्टर दुपारी यायच्या आणि मोठ्यानं वाचून दाखवायच्या. त्यांचं वाचन अगदी वॉर्डातल्यासारखं, सरळ, कुठं थांबणं नाही की रंगवणं नाही. ऐकता ऐकता मला झोप लागायची. जाग आली की चहा झाकून ठेवलेला असायचा आणि पुस्तकात खूण घातलेली. कितीतरी दिवस त्यांनी असं केलं आणि मी त्यावर कधी एक शब्द बोलले नाही. बोलणार कसं? आपलं माणूस. पण त्यांचं जायचं ठरलं तसं मनानं घेतलं की हे त्यांना सांगायचंच. सांगितल्याशिवाय त्यांना जाऊ द्यायचं नाही. पोळ्या लाटताना वाक्य जुळवायची, आणि तोंडातल्या तोंडात म्हणून बघायची.

सकाळी टेम्पो आला. मी थर्मास भरून चहा नेला. कपाट चढलं, गाद्या चढल्या, भिंतीवरची तसबीर त्यांनी स्वतः चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली. सगळं आवरल्यावर मी पुढं झाले आणि म्हणाले, "सिस्टर, मला तुमचे..." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी वळले आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "दादा, तुमचे फार आभार हं, सामान अगदी जपून चढवलंत." मग हमालांचे मानले. मग समोरच्या काकांचे, त्यांनी दोरी दिली होती. काका बिचारे गोंधळून म्हणाले, "दोरीचं काय एवढं मनावर घेता, ताई!" गल्लीत उभ्या असलेल्या एकूण एक माणसाचे आभार मानून झाले, आण्णा, आणि सिस्टर तेवढ्या राहिल्या. मी हुबेहूब तुम्ही झाले होते. इतकी वर्षं मला वाटायचं, आईचं नाव घ्यायचं तुम्हाला सुचलं नाही. सुचलं असणार. घेतलं असतं तर भर मांडवात तुम्हाला रडू फुटलं असतं, आणि मागं सतरंज्या गुंडाळणारी माणसं बघत उभी राहिली असती.

सिस्टर पुढच्या सीटवर बसल्या. काच खाली करून म्हणाल्या, "ताई, माझं एक पुस्तक राहिलंय तुमच्याकडं. पुस्तकांचं खोकं वरच आहे, देता का?" मी म्हणाले, "अहो, निम्मंसुद्धा झालं नाही अजून." "तुमचं? आणि निम्मं?" त्यांनी पुस्तकासाठी बाहेर काढलेला हात आत घेतला. मग म्हणाल्या, "बरं, सावकाश वाचा. गडबड नाही. मीच येईन न्यायला." टेम्पो वळणावरून दिसेनासा झाल्यावर मी थर्मास घेऊन घरात आले. चहा तसाच होता, दोघींपुरता.

हे तुम्हाला पोचणार नाही, मला कळतं. लिहून झालं की घडी घालून गॅसच्या पावत्यांखाली ठेवून देईन, म्हणजे सून आली तरी तिच्या हाती लागणार नाही. आता अंधारून येतंय, दिवा लावायला उठते. आण्णा, ते पुस्तक माझं मंगळवारीच वाचून झालंय.