पहिली वाटी

शेंडी, भंडारदरा
१४ मे १९७३

प्रिय कृपा,

तुझं कार्ड पोचलं. पंधरा दिवसांत खुलासा केला नाही तर मद्यनिषेध मंडळाच्या यादीतून माझं नाव काढण्यात येईल, हे तू उघड्या पोस्टकार्डावर लिहिलंस. तेही इतक्या सुवाच्य अक्षरात, की आमच्या कारभारी पोस्टमनने ते माझ्या हातात देण्याआधी वाटेत तिघांना वाचून दाखवलं. तीस वर्षं एका दवाखान्यात काढली आपण, तू वॉर्डात आणि मी औषधांच्या खिडकीत. एखादं बंद पाकीट माझ्या वाट्याला यायला हरकत नव्हती. तुझा भाचा धरण पाहायला आला आणि भीमाबाईच्या अंगणात मला पेला घेऊन बसलेलं पाहून गेला, हे खरं आहे. त्याच्याही हातात पेला होता, हे त्याने सांगितलं का? नसेल सांगितलं. पुरुषांच्या साक्षीत तेवढी जागा नेहमी कोरी असते.

खुलासा हवा तर घे. भीमाबाई ठाकरीण आहे, वरच्या वाडीत राहते. मागच्या वर्षी तिचा पाय भाजला होता, महिनाभर मी मलमपट्टी केली. बरी झाल्यावर ती मोहाच्या दारूची बाटली घेऊन आली. दिलेली भेट परत करू नये असं कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी शिकवलेलं, आणि बाटलीला शिवू नये असं मंडळाने. दोन दिवस ती बाटली खिडकीत ठेवून मी तिच्याकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी औषधाच्या मापाने एक ड्रॅम मोजून घेतली. आधी धूर लागला, मग मनुकांचा गोडवा, आणि गिळल्यावर कितीतरी वेळाने भाजलेल्या चिंचोक्यासारखं काहीतरी जिभेच्या मुळाशी उरलं. बासष्ट वर्षं नुसतं वरणभात आणि इतरांच्या चुका चघळत काढली मी. असं काही जगात असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग माझ्यातली कंपाउंडर जागी झाली. मी वही केली. मोह दोन ड्रॅम, करवंदाचा रस चार, आल्याचे दहा थेंब: उत्तम. कोरा चहा आणि गूळ घालून: थंडीत बरं. हिरड्याबरोबर: शत्रूलाही देऊ नये. जांभळाचा शिरका, मध आणि मिरी यांचं प्रमाण तीनदा बदलूनही मनासारखं जमलं नाही. भीमाबाई प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करायची. एवढ्या चांगल्या दारूचं औषध कशापायी करता, असं विचारायची आणि पेला पुढे करायची. परवान्याशिवाय हे सगळं बेकायदा आहे, ते मला ठाऊक आहे. सरकारी बंगल्यावर उतरणाऱ्या साहेबांनाही ठाऊक आहे. तेही याच अंगणातून बाटल्या नेतात. यंदा दुष्काळाने शेतं गेली, पण मोह फुलला. वाडीने ती फुलं आधी शिजवून खाल्ली, उरली तेवढीच भट्टीला लागली. हेही तुझ्या खुलाशात लिहून घे.

आता मुद्द्याचं सांगते. गेल्या महिन्यात मी प्रथमच तिची भट्टी लागताना पाहिली. नळीतून धार सुरू झाली की पहिली वाटी ती कुणालाही देत नाही. मोहाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड आहे, त्यावर ओतते. मला तो अडाणीपणा वाटला. सगळ्यात कडक तीच असणार, माझ्या मिश्रणाला दे, असं म्हणून मी वाटी उचललीसुद्धा. एरवी मला शिवायला संकोचणारी ती बाई, तिने माझं मनगट घट्ट धरलं. ‘ही नगं, बाई. ही देवाची हाय. मानसानं घेतली तर डोळं जात्यात.’ मी वाटी नुसती नाकाशी नेली. तो मोहाचा वास नव्हता. पॉलिशसारखा वास होता, लाकडाला लावतात तसल्या. त्या दिवसापासून वही उघडलेली नाही, कारण तो वास मी पूर्वी एकदा घेतला आहे.

कृपा, उभी असशील तर बस.

दर ऑक्टोबरात मंडळाच्या सभेत तू उठतेस आणि मुलींना सांगतेस, की माझा नवरा यशया दारू प्याला, लाजेपोटी घरात पडून राहिला आणि दवाखान्यात उशिरा आला. अठरा वर्षं मी शेजारच्या खुर्चीवर बसून मान हलवते आहे. तू त्या दिवशी श्रीगोंद्याला आईकडे होतीस. तुला जे माहीत आहे ते सगळं माझ्याकडून माहीत आहे.

यशया दुपारी दोनला आला, स्वतःच्या पायांनी, धुतलेला सदरा घालून. शाळेच्या सुतारशाळेतल्या कुणाच्या तरी निरोपसमारंभाला आदल्या संध्याकाळी तिथल्याच पॉलिशच्या स्पिरिटचे दोन पेले घेतले होते, ते त्याने लपवलं नाही. म्हणाला, ‘मरियाबाई, डोळ्यांपुढं चुना फासल्यासारखं पांढरं दिसतंय. डॉक्टरांना बोलवा.’ खिडकीतून मला तो वास आला आणि मी कंपाउंडर उरले नाही, मंडळाची सभासद झाले. म्हटलं, बाकावर बस, उतरली की बघू. डॉक्टर अंगणापलीकडे त्यांच्या बंगल्यात होते, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. यशया वाद न घालता बसला. पाच वाजता डॉक्टर आपणहून आले, तेव्हा खिडकी कुठे आहे हे त्याला दिसत नव्हतं. दफनानंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की असल्या विषावर वेळेत चांगली ब्रँडी देतात, कधीकधी माणूस वाचतो. ब्रँडीच्या कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला होती. डॉक्टर बदलून गेले, पुढे वारले. मी तुला एवढंच सांगितलं की उशीर झाला. कुणी केला, ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

माझं नाव यादीत ठेवा किंवा काढा, त्यासाठी हे लिहिलेलं नाही. तुझा फिलिप बापाचं नाव निघालं की खोलीतून उठून जातो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. त्याला हे पत्र वाचून दाखव. आणि ऑक्टोबरात पुन्हा उभी राहशील तेव्हा मुलींना सांग, की माझा नवरा वेळेवर आला होता. दोन वाजता. खिडकीतल्या बाईने त्याला तीन तास बसवून ठेवलं. तिचं नाव घेऊन सांगितलंस तरी चालेल.

तुझीच,
मरिया