पानी गोड लागत नाई

बाबा, चिडलेल्या लेकाचा दंडवत घ्या.

तुमी जाऊन वर्ष झालं. आज लिहून राहिलो, कारन आज आई तुमचंच वाक्य बोलली, "इथचं पानी गोड लागत नाई रे."

अमेरिकेत लढाई लागली, आपल्या कापसाले सोन्याचा भाव आला, मी अमरावतीच्या बाजारात कापूस मोजनारा मापारी झालो. तुमा दोघाले गावाहून उचलून आनलं. अन् तुमी भर उन्हाळ्यात दिवसाले दोन घोट पानी प्यायचे! मले वाटे, पान्याचाच दोष हाय. कापसाच्या गाडीवर आपल्या विहिरीची घागर आनली, तिलेबी तुमी तोंड लावलं नाई. "म्हाताऱ्याचे नखरे," मी म्हटलं. तुमी आयकलं असन. मंग उन्हानं पडले, ते उठलेच नाई.

आता आईले ताप हाय, लघवीले आग होते, अन् तांब्या सकाळपासून भरलेला. मी तिच्यावर ओरडलो. तवा तुमच्या सुनेनं मले बाजूले ओढलं. "पान्याले काहून दोष देता? पानी पेलं का मंग बाहेर जा लागते. जायचं कुठं?"

घरामागं मोकळी जागा, तिथं दिवसभर कापसाच्या गाड्या उभ्या, गाडीवान बसलेले. गावात तुमी वावरात कापसाच्या पऱ्हाटीआड जायचे. इथं कोनाच्या आड जाल?

एका शब्दानं काहून नाई बोलले बाबा? पोटच्या पोराची कसली लाज? अन् मी रोज त्याच गाड्या मोजत होतो, मले कसं दिसलं नाई?

वैद्यबुवा म्हने, "घडीघडीले पोटात पानी गेलं पायजे, नाई त माह्या हातात काई नाई." मी आजचा बाजार बुडवला. तुराट्याचा कूड घातला, आत खड्डा खंदला, वरून घोंगडी टांगली. आईनं तोंड फिरवलं. "गाडीवान पाह्यतीन," म्हने.

मंग मीच तांब्याभर पानी पेलो अन् साऱ्या गाडीवानाईच्या देखत त्या कुडाआड गेलो. बाहेर आलो त आई म्हने, "निर्लज्ज हायेस." अन् दोन घोट पेली.

ताप अजून उतरला नाई. पन शब्द देतो बाबा, ती बरी होऊन सवय लागेस्तोर रोज पयले मी जाईन. अन् तिले रोज तोंडावर विचारीन, "आई, जाऊन आलीस का?" तुमाले एकदाबी विचारलं नाई.

तुमचा निर्लज्ज पोरगा,
शिवराम