पीठ विकणारी बाई

टोरोंटो,
१४ नोव्हेंबर २०१९

प्रिय उलेमूताई,

आधी नमस्कार घे. पत्र फाडायचंच असेल तर वाचून झाल्यावर फाड.

मी बरी आहे. इथे बर्फ पडायला लागलं. चिल्वा तळ्यात पाणी आलं का, की अजून कोरडंच? आईचे गुडघे कसे आहेत? तीन वर्षांत तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस. रागवत नाही मी. तो हक्क मला नाही.

आता मुद्द्याचं. लॉकहार्टबाईंना मी धुळीला मिळवलं.

आठवतात ना बाई? दुष्काळाच्या वर्षी तुझ्या अंगणात चटईवर बसून मक्याच्या पिठाची न्सिमा खायच्या. तू म्हणायचीस, "हिला माशाचा काटा काढता येत नाही, आणि ही आपल्या भुकेचा अभ्यास करणार!" हे तेवढं मी त्यांना भाषांतर करून सांगत नसे. त्यांच्यासोबत एक अर्थशास्त्रवाले, एक आहारवाल्या, एक भूगोलवाले. चौघांनी मिळून अहवाल लिहिला: श्रीमंत देशांची मदत गरीब देशांत गेल्यावर कुठे गळते. त्यात पानभर तू होतीस. 'पीठ विकणारी बाई.' तळ्याकाठची, जुळ्यांची आई, डाव्या पायाने अधू. नाव घातलं नव्हतं. घालायची गरजच काय होती?

मदत पाठवणाऱ्यांनी तो वाचला आणि आपलं लापशीचं केंद्र बंद केलं. हापशावर बायांनी तुझी बादली लाथाडली. पुढच्या पावसाआधी तुझ्या जुळ्यांतली यांखो गेली.

गेल्या महिन्यात इथे जगातल्या विषमतेवर काम करणारी नवी संस्था उघडली. प्रमुख कोण, तर आमच्या बाई. समारंभाच्या आदल्या दिवशी मला म्हणाल्या, "तियामिके, तुझ्या लोकांच्या वतीने दोन शब्द बोल. मनापासून बोल हं."

मनापासूनच बोलले. गावात तुझं बोलणं मी ज्या वहीत इंग्रजीत उतरवलं होतं, ती घेऊन उभी राहिले. आधी छापील पान वाचलं: 'पीठ दिलं ते मी विकलं.' मग वहीतलं पुढचं वाचलं: 'यांखो तापाने फणफणली होती. झोंबाचं इस्पितळ लांब, सायकलवाला फुकट नेईना. हेही लिही गं, नाहीतर लोक मला चोर म्हणतील.'

मग वहीचं पान पडद्यावर मोठं करून दाखवलं. तुझ्या त्या वाक्यांवर बाईंनी काट मारली होती, आणि समासात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'हे नको. मुद्दा पातळ होतो.'

"ही माझी सख्खी बहीण," मी म्हटलं. "तिची मुलगी वारली. आता मुद्दा घट्ट झाला का, बाई?"

आहारवाल्या बाई तोंडावर हात ठेवून बाहेर गेल्या. पहिल्या रांगेत मदत देणारेच बसले होते. त्यांतल्या एकाने तिथेच चौकशी मागितली. तीन आठवड्यांत अहवाल मागे घेतला गेला, बाईंचं पद गेलं. दारावरची पाटी काढायला माणूस आला तेव्हा मी व्हरांड्यात उभी राहून शेवटचा स्क्रू निघेपर्यंत पाहिलं. मला गोड वाटलं, ताई. खोटं कशाला सांगू?

बाई खोकं घेऊन बाहेर आल्या. "मी तुला इथे आणलं," त्या म्हणाल्या. "एका पानासाठी माझी सगळी कारकीर्द?"

"माझ्या बहिणीचंही ते एकच पान होतं."

त्या दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "पण तुला विचारलं होतं मी, तियामिके."

हे लिहायला मला एवढी पानं लागली.

विचारलं होतं. अहवाल छापायच्या आधी, झोंबाच्या कचेरीत. ती काट मारलेली ओळ माझ्यापुढे धरून म्हणाल्या होत्या, "चालेल ना?" टेबलावर माझा टोरोंटोच्या प्रवेशाचा कागद होता, त्यावर त्यांची सही व्हायची होती. मी मान हलवली. तू मला ज्या विश्वासाने 'लिही गं' म्हणालीस, तो मी तिथे विकला. कुणाचं पोर तापलं होतं म्हणून नाही.

चौकशीत हेही सांगितलं. इथली विद्यापीठातली जागा सोडली. चौकशीचा निकाल आपल्या भाषेत उतरवून गावप्रमुखबाईंकडे पाठवलाय. माझ्या मान हलवण्यासकट. सभेत तो मोठ्याने वाचावा अशी विनंती केलीय. दोन डिसेंबरला मी पोचते. वाचन चालू असताना तुझ्यासमोर, सगळ्या बायांच्या मधोमध, जमिनीवर बसेन.

बाईंचा हिशेब मी चुकता केला. माझा तू कर. थुंक, मार, हाकल. फक्त मला माफ करायची घाई करू नकोस.

तुझ्या नावावर परदेशी आलेली,
तियामिके